डिले पेडल घरी बनवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गिटारच्या पेडलवर आलेल्या पत्रांतून या वेळी फक्त एकाच विषयाची पत्रं घेतली आहेत : ॲनालॉग डिले, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने, किंचित मवाळ होऊन पुन्हा ऐकवणारं पेडल. पत्रं वाचताना एक गोष्ट सतत दिसली. बहुतेकांची काळजी आणि पैसे आयसीवर, म्हणजे चिपवर, खर्च होतात. आवाज मात्र ठरतो फिल्टर, बायस (आयसीच्या इनपुटला दिलेला स्थिर व्होल्टेज) आणि क्लॉकची (आयसीला ठेका देणाऱ्या लाटेची) तार कुठून नेली यावर. म्हणून उत्तरांत त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : बूस्टर आणि ओव्हरड्राइव्ह अशी दोन पेडलं झिरो पीसीबीवर बनवून झाली आहेत. आता ॲनालॉग डिले करायचा आहे. दुकानदार पीटी २३९९ पुढे करतात. वाचनात ३००५, ३२०५, ३२०७ अशी नावं येतात. नेमकी कोणती आयसी घेऊ? आणि पीटी २३९९ ॲनालॉग आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

पीटी २३९९ ॲनालॉग नाही. आत आलेला सिग्नल ती शून्य-एकात बदलते, ४४ किलोबिटच्या मेमरीत ठेवते आणि बाहेर काढताना पुन्हा सिग्नल करून देते. आवाज मऊ आणि थोडा खरखरीत येतो, म्हणून तिला ‘ॲनालॉगसारखी’ म्हणायची पद्धत पडली. आयसी चांगली आहे, स्वस्त आहे, ५ व्होल्टवर चालते आणि बाहेरचे भाग मोजकेच लागतात. पहिलंच पेडल असतं तर आम्ही तीच सुचवली असती.

खरा ॲनालॉग डिले बकेट ब्रिगेड आयसीवर चालतो. ही रचना फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ साली मांडली. स्लॅब टाकायच्या दिवशी घमेली कशी वर चढतात ते आठवा. माणसांची रांग असते. मुकादमाने आरोळी दिली की हातातलं घमेलं पुढच्याकडे जातं आणि मागचं हातात येतं. आयसीत घमेलं म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, माल म्हणजे त्यातला विद्युतभार आणि आरोळी म्हणजे क्लॉक. माल किती आहे ते वाटेत कुणी मोजत नाही, त्याचा आकडा कुठेच तयार होत नाही, म्हणून हे ॲनालॉग. हात भरलेले असताना दुसरं घमेलं घेता येत नाही, त्यामुळे रांगेत एकाआड एक माणूस रिकाम्या हाताने उभा असतो. सूत्रातला २ येतो तो इथून :

डिले (मिलिसेकंदात) = टप्प्यांची संख्या ÷ (२ × क्लॉक किलोहर्ट्झमध्ये)

आता आयसींकडे पाहा. ३२०७ मध्ये १०२४ टप्पे आहेत. क्लॉक १० किलोहर्ट्झपर्यंत खाली आणला तरी डिले ५१ मिलिसेकंद. ही कोरस-फ्लँजरची, म्हणजे आवाज दाट किंवा डुलता करणाऱ्या पेडलांची आयसी. स्वस्त दिसली म्हणून डिलेसाठी घेणाऱ्यांची निराशा ठरलेली. ३२०८ मध्ये २०४८ टप्पे, म्हणजे १०२ मिलिसेकंद. ३२०५ आणि ३००५ या दोन्हींत ४०९६ टप्पे, त्याच क्लॉकला २०५ मिलिसेकंद. त्यातली ३००५ उणे १५ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी केलेली आहे. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये तिच्यासाठी वेगळी वीजव्यवस्था करावी लागते. ३२०५ ला ५ व्होल्ट पुरतात.

म्हणून तुमच्यासाठी उत्तर : व्ही ३२०५, आणि तिला क्लॉक देणारी व्ही ३१०२. दोन्ही नव्याने बनतात. ३१०१ घेऊ नका, ती ३००५ च्या कुळातली आहे आणि तिच्यात पुरवठ्याच्या १ आणि ३ या पिना ३१०२ च्या उलट आहेत. तसंच ३२०५ आणि ३२०७ यांच्याही पिना जुळत नाहीत. ३२०५ ला सिग्नल ७ नंबरच्या पिनेवर द्यायचा आणि ३ व ४ वरून घ्यायचा. ३२०७ ला ३ वर द्यायचा आणि ७ व ८ वरून घ्यायचा. एकीच्या आयसी बेसमध्ये दुसरी बसते, चालत मात्र नाही.

प्रश्न : ३२०५ चं पेडल बनवायला घेतलं आहे. सर्किट हाताशी आहे. भाग कोणते, कसे घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने जोडावं, म्हणजे शेवटी सगळं उकलत बसावं लागणार नाही? (ठाणे)

आधी भाग. व्ही ३२०५, व्ही ३१०२, एनई ५७१ (सिग्नल दाबून पुन्हा ताणणारा कंपँडर; एसए ५७१ चालेल) आणि टीएल ०७२ (ऑप-अँप) प्रत्येकी एक. चारही आयसींना बेस घ्या, आयसी थेट सोल्डर करू नका. ७८एल०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) एक, १एन५८१७ (डायोड) एक. फिल्टरसाठी बीसी ५४९सी ट्रान्झिस्टर चार. परदेशी सर्किटात इथे बहुधा २एन५०८८ लिहिलेला असतो. बदल बिनधास्त करा, पण पाय पाहून : सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर बीसी ५४९ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन५०८८ चे एमिटर, बेस, कलेक्टर. म्हणजे बीसी ५४९ उलटा फिरवून लावायचा. फिल्टर मुका असल्याची निम्मी प्रकरणं इथेच सुटतात.

प्रीसेट (बोर्डवरचे, एकदा लावून सोडायचे छोटे पॉट) तीन : बायससाठी ५० के, क्लॉकचा अंश खोडण्यासाठी १० के, रिपीटची हद्द ठरवण्यासाठी ५० के. पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर) टाइम, रिपीट आणि मिक्सचे, तिन्ही लिनिअर म्हणजे ‘बी’ छापाचे. ३१०२ मध्ये डिले रेझिस्टन्सच्या प्रमाणातच वाढतो, त्यामुळे टाइमला लॉग पॉट लावलात तर सगळा बदल नॉबच्या एका टोकाला गोळा होतो. फिल्टरचे कपॅसिटर पॉलिस्टर बॉक्सचे. क्लॉकचा कपॅसिटर ४७ ते २०० पिकोफॅरडच्या घरातला असतो. तो एनपीओ जातीचाच घ्या, साधा सिरॅमिक तापमानाबरोबर सरकतो आणि डिलेची वेळ बदलते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं एवढ्यात हे सगळं साधारण मिळतं. ३२०५ आणि ३१०२ मात्र ऑनलाइन मागवाव्या लागण्याची तयारी ठेवा.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फक्त पुरवठा. डीसी जॅक, मालिकेत १एन५८१७, १०० मायक्रोफॅरड, मग ७८एल०५ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १०० नॅनोफॅरड. एकही आयसी न बसवता अडॅप्टर लावा आणि बेसच्या पिनांवर मोजा : ३२०५ च्या ५ नंबरवर ५ व्होल्ट, ३१०२ च्या १ नंबरवर ५ व्होल्ट, टीएल ०७२ च्या ८ नंबरवर ९ च्या थोडं खाली. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. पेडलच्या अडॅप्टरला मधली पिन ऋण असते; घरातल्या बहुतेक अडॅप्टरना ती धन असते. १एन५८१७ मालिकेत असेल तर चूक झाली तरी पेडल फक्त चालू होणार नाही, एवढंच.

मग क्लॉक. ३१०२ बसवा. ऑसिलोस्कोप नसला तरी चालेल : मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून २ आणि ४ या पिना पाहा. दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट दिसले तर क्लॉक चालू आहे, कारण ५ व्होल्टची अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खाली अशी लाट मीटरला निम्मी दिसते. एकीवर ० आणि दुसरीवर ५ दिसले तर क्लॉक थांबलेला आहे. ५, ६, ७ या पिनांवरचे रेझिस्टर-कपॅसिटर तपासा. ८ नंबरवर ४.६७ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. पुरवठ्याच्या १४/१५ एवढा तो व्होल्टेज असतो आणि तो ३२०५ च्या ८ नंबरला जातो. मीटरला हर्ट्झची रेंज असेल तर टाइम पूर्ण फिरवून दोन्ही टोकं लिहून ठेवा. ३०० मिलिसेकंदांना ६.८ किलोहर्ट्झ हवेत, १०० मिलिसेकंदांना २०.५.

तिसरी पायरी कोरा, म्हणजे डिले न झालेला सिग्नल. टीएल ०७२ बसवा, गिटार लावा. इनपुटला १ मेगओम आणि ९ व्होल्ट निम्मे करायला १०-१० के ची जोडी व ४७ मायक्रोफॅरड असतील तर बफर (सिग्नल न बदलता पुढे देणारा टप्पा) लगेच बोलतो. मग कॉम्प्रेसर (एनई ५७१ चा दाबणारा अर्धा भाग), मग पहिला फिल्टर. प्रत्येक टप्प्यावर ऐकायचं कसं? जुन्या गिटार केबलचं एक टोक कापा, मधल्या तारेला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडा, शील्ड पेडलच्या ग्राउंडला लावा आणि दुसरं टोक अँप्लिफायरमध्ये. व्हॉल्यूम कमी ठेवा. कपॅसिटरचा पाय सर्किटात टेकवत सिग्नलच्या वाटेने पुढे जा. जिथे आवाज मरतो, त्याच्या एक भाग आधी दोष असतो. हे साधन बनवायला पाच मिनिटं लागतात आणि त्याच्याशिवाय डिले दुरुस्त करणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

शेवटी ३२०५. हात ग्राउंडला लावून अंगातली स्थिर वीज घालवा, मग आयसी धरा. आउटपुटच्या ३ आणि ४ या पिनांना ग्राउंडकडे लोड रेझिस्टर आहेत ना, ते पुन्हा पाहा. ते राहिले तर आवाजच येत नाही. आता बायस. मिक्स पूर्ण डिलेकडे, रिपीट शून्यावर, टाइम मध्यावर. बायसचा प्रीसेट साधारण निम्म्या पुरवठ्यावर, म्हणजे २.५ व्होल्टवर आणा आणि तारा जोरात छेडत अगदी सावकाश फिरवा. आधी शांतता, मग फाटका आवाज, मग स्वच्छ, पुन्हा फाटका, पुन्हा शांतता असा क्रम येईल. स्वच्छ पट्टा अरुंद असतो. प्रीसेटच्या फिरण्याचा बराच भाग मुकाच असतो, म्हणून ‘आयसी जळली’ असं ठरवायची घाई करू नका. पट्ट्याच्या दोन्ही कडा शोधा आणि बरोबर मध्ये थांबा. स्कोप असेल तर ४०० हर्ट्झची साइन लाट वाढवत न्या. वरचा आणि खालचा माथा एकाच वेळी सपाट व्हायला लागला की बायस बसला.

प्रश्न : पेडल चालतं, एको सुंदर येतो, पण टाइम वाढवला की बारीक शिट्टी ऐकू येते. गिटार वाजवली नाही तरी येते. पुरवठ्यात १००० मायक्रोफॅरड वाढवूनही फरक नाही. (नाशिक)

आधी शिट्टीची जात ओळखा. टाइमचा नॉब फिरवा. शिट्टीची पट्टी नॉबबरोबर खाली-वर जाते का? जात असेल तर तो क्लॉक आहे. नॉब फिरवूनही शिट्टी तिथेच राहिली तर ती अडॅप्टरमधून येते. ९ व्होल्टची बॅटरी लावून खात्री करा. तुमच्या वर्णनावरून हा क्लॉकच वाटतो, आणि त्यावर पुरवठ्यातल्या मोठ्या कपॅसिटरचा काही उपयोग नाही.

कारण असं. २०० मिलिसेकंदांपर्यंत क्लॉक १० किलोहर्ट्झच्या वर असतो आणि फिल्टर तो सहज अडवतो. ३०० मिलिसेकंदांना तो ६.८ वर येतो, म्हणजे कानाला सगळ्यात टोचणाऱ्या भागाच्या जवळ. माहितीपत्रकात किमान क्लॉक १० किलोहर्ट्झ दिलेला असताना पेडलवाले तो मुद्दाम खाली खेचतात, त्याची ही किंमत.

पहिला उपाय आयसीतच आहे. ३ आणि ४ या आउटपुटवर क्लॉकचा अंश एकमेकांच्या उलट दिशेने येतो. दोन्हींमध्ये १० के चा प्रीसेट लावून सिग्नल त्याच्या मधल्या पायावरून घेतला की एक ठिकाण असं सापडतं जिथे दोन्ही एकमेकांना खोडतात. टाइम पूर्ण वाढवा, गिटारचा व्हॉल्यूम बंद करा, अँप मोठा करा आणि प्रीसेट फिरवत शिट्टी सगळ्यात बारीक होईल तिथे सोडा. प्रीसेटऐवजी दोन ठरीव रेझिस्टर लावले असतील तर ते काढून प्रीसेट घालणं सार्थकी लागतं.

दुसरं, फिल्टरचे कपॅसिटर डोळ्यांनी वाचा. १० के आणि ४.७ नॅनोफॅरड ही जोडी ३.४ किलोहर्ट्झला कापते. त्या कपॅसिटरवर ४७२ छापलेलं असतं. शेजारच्या डब्यातला ४७१ उचलला तर तो ४७० पिकोफॅरडचा. कापायची जागा ३४ किलोहर्ट्झवर गेली, म्हणजे फिल्टर नसल्यातच जमा, आणि शिट्टी सरळ बाहेर. उलट ४७३ लागला तर ३४० हर्ट्झलाच कापलं जातं आणि एको गोधडीखालून आल्यासारखा घुमा येतो. तीन आकड्यांतला शेवटचा आकडा, एवढाच फरक.

तिसरं, तारा. क्लॉक म्हणजे ५ व्होल्टची खडी चौकोनी लाट. गिटारचा सिग्नल तिच्यापुढे काही मिलिव्होल्टांचा. ३१०२ आणि ३२०५ एकमेकींना चिकटून ठेवा, २ आणि ४ वरून जाणाऱ्या तारा जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या असू द्या. टाइमच्या पॉटकडे जाणाऱ्या तारांतही क्लॉक खेळत असतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्या मिक्स आणि रिपीटच्या तारांबरोबर एका जुडग्यात बांधल्या की शिट्टी तिथूनच आत शिरते. टाइमच्या तारा वेगळ्या, डब्याच्या कडेने न्या; ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. ३१०२ च्या १ आणि ३ या पिनांना अगदी लगटून १०० नॅनोफॅरड लावा. आणि ग्राउंड : क्लॉकचं ग्राउंड ७८एल०५ च्या मधल्या पायापर्यंत स्वतंत्र तारेने न्या, इनपुट जॅकच्या वाटेने फिरवून आणू नका.

एवढं करूनही शेवटच्या टोकाला पुसट शिट्टी राहिली, तर टाइमच्या पॉटला समांतर एक रेझिस्टर लावून डिले २५० ला थांबवा. क्लॉक ८.२ किलोहर्ट्झवर येतो आणि पेडल शांत होतं. ५० मिलिसेकंदांसाठी पूर्ण पेडलचा आवाज बिघडवण्यात अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जुनी ३००५ मिळवावी का? ऑनलाइन बऱ्याच स्वस्त दिसतात. (कोल्हापूर)

स्वस्त दिसतात तेवढं कारण न घ्यायला पुरेसं आहे. जुन्या ३००५ ला मागणी मोठी आणि साठा मर्यादित, त्यामुळे दुसऱ्याच आयसीवरचं नाव घासून नवं छापण्याचा धंदा चालतो. अंगठ्याला थोडं ॲसिटोन लावून छपाई पुसली गेली किंवा पृष्ठभाग खालून वेगळा दिसला तर शंका घ्या, पण छपाई टिकली म्हणजे आयसी खरी, असंही नाही. बॉस कंपनीचं डीएम-२ हे १९८१ चं पेडल सगळ्यांच्या डोक्यात असतं. ते आधी ३००५ वर आणि पुढे ३२०५ वर निघालं. त्याच्या आवाजाचा मोठा वाटा फिल्टर आणि कंपँडरचा आहे. पैसे चांगल्या कपॅसिटरवर आणि एका बऱ्या मल्टिमीटरवर घाला.

प्रश्न : सूर संपत आला की त्याच्या मागे ‘हस्स’ असा श्वास ऐकू येतो आणि मग एकदम शांतता. कंपँडर काढून टाकला तर हिस्स कायमचीच येते. (छत्रपती संभाजीनगर)

कंपँडर काढू नका. घमेल्यांच्या लांब रांगेत थोडा माल सांडतो, थोडी माती पडते. तीच ही हिस्स. एनई ५७१ चा पहिला अर्धा भाग सिग्नल दोनास एक दाबतो, म्हणजे हळू सूरही हिस्सच्या बराच वर राहून आयसीतून जातो. दुसरा अर्धा भाग बाहेर आल्यावर तो पुन्हा तेवढाच ताणतो, आणि शांततेत हिस्सही खाली ढकलली जाते.

तुमचा ‘श्वास’ म्हणजे हे ताणणं उशिरा बंद होतंय. १ आणि १६ या पिनांवर रेक्टिफायरचे कपॅसिटर असतात. तिथे १० मायक्रोफॅरड लागला असेल तर १ करा. ०.१ पर्यंत खाली जाऊ नका, जाड तारांचा आवाज खरखरायला लागतो. दोन्ही पिनांवर किंमत सारखीच हवी. दाबणारा एका चालीने आणि ताणणारा दुसऱ्या चालीने चालला तर एको हिंदकळतो. जर सगळे एको, जोरात वाजवा की हळू, एकाच उंचीचे येत असतील तर ताणणारा भाग काम करत नाही असं समजा आणि १५ नंबरच्या पिनेपर्यंत सिग्नल येतो का ते मागे सांगितलेल्या कापलेल्या केबलने ऐका.

प्रश्न : रिपीट अर्ध्याच्या पुढे नेला की पेडल घुमत सुटतं, थांबतच नाही. घुमण्याआधीचे एको मात्र फार लवकर विरतात. मधली जागाच नाही. (पणजी)

प्रत्येक एको बाहेर येऊन पुन्हा आत जातो. एका फेरीत तो जरासा लहान झाला तर हळूहळू विरतो, जरासा मोठा झाला तर फुगत जातो. ‘मधली जागा नाही’ याचा अर्थ असा, की एखाद्या स्वरपट्ट्यात फेरी मोठी होतेय आणि बाकी ठिकाणी लहान. बहुतेक वेळा हा पट्टा खर्जाचा असतो. घुमणं ऐका : ‘ऊऽऽ’ असं खोल असेल तर रिपीटच्या वाटेतला कपॅसिटर लहान करा. पुढे २२ के चा रेझिस्टर असेल तर ४७ नॅनोफॅरडने १५० हर्ट्झच्या खालचा भाग प्रत्येक फेरीत थोडा थोडा गळतो आणि गढूळपणा जातो. घुमणं ‘ईऽऽ’ असं तीक्ष्ण असेल तर फिल्टरमध्ये मागे सांगितलेली ४७१ ची चूक शोधा.

मग हद्दीचा प्रीसेट लावा. रिपीटचा नॉब घड्याळात तीन वाजतात त्या जागी ठेवा, टाइम मध्यावर, आणि प्रीसेट अशा बेताने फिरवा की पेडल तिथे जेमतेम घुमायला लागेल. खाली सगळी जागा वापरायला मिळते आणि हवं तेव्हा घुमवताही येतं. तिसऱ्या-चौथ्या एकोला धार जाते, ती तक्रार मानू नका. प्रत्येक फेरीत सूर दोन फिल्टरमधून जातो आणि ॲनालॉग डिलेचं सौंदर्य त्या विरण्यातच आहे.

प्रश्न : जुन्या धाटणीचा एकच झटपट एको हवा आहे, १०० मिलिसेकंदांच्या आसपास. तो इतका मंद का येतो? आणि गाण्याच्या लयीशी डिले कसा जुळवू? (मुंबई)

मंद येतो कारण तुमचा फिल्टर ३०० मिलिसेकंदांच्या हिशोबाने बांधलेला आहे. नियम असा, की क्लॉकच्या निम्म्याच्या वरचे स्वर आयसीत जाऊ द्यायचे नाहीत. गेले तर भलतेच बेसूर होऊन बाहेर येतात. ते ऐकायचं असेल तर पहिला फिल्टर तात्पुरता वगळा, टाइम पूर्ण वाढवा आणि सगळ्यात बारीक तारेवर बाराव्या पडद्यापासून वर सरकत हार्मोनिक छेडा : सूर वर जातो, एकोत मात्र काहीतरी खाली उतरताना ऐकू येतं. ६.८ चा निम्मा ३.४, म्हणून फिल्टर ३.४ च्या आसपास. तुम्हाला १२० मिलिसेकंदांच्या पुढे जायचंच नसेल तर क्लॉक १७ च्या खाली येत नाही, निम्मा ८.५. टाइमच्या पॉटला तिथे बांध घाला आणि फिल्टरचे ४.७ नॅनोफॅरड काढून २.२ लावा. कापायची जागा ७.२ किलोहर्ट्झवर जाते आणि एको उघडा, टवटवीत येतो. एकाच कामाचं असं पेडल करणं आम्हाला फार पसंत आहे.

लयीचा हिशोब : ६०,००० ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागा, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १०० च्या लयीला ६००, अर्धी मात्रा ३००; इथे ३२०५ ची मर्यादा संपते. १२० ला अर्धी मात्रा २५०, ती आरामात बसते. पाऊण मात्रा ३७५ होते, ती बसत नाही. त्याहून लांब हवं असेल तर दोन ३२०५ एकामागे एक, मध्ये आणखी एक फिल्टर आणि दोन्हींना स्वतंत्र बायस प्रीसेट. एकच बायस दोघींना क्वचितच मानवतो.

प्रश्न : पीटी २३९९ चा डिले कधी चालू होतो, कधी होत नाही. अडॅप्टर काढून पुन्हा लावला की होतो. आयसी बदलली, तरी तेच. (नागपूर)

आयसी दोषी नाही. ६ नंबरच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंतचा रेझिस्टन्स डिले ठरवतो. वीज येण्याच्या क्षणी तो साधारण २ के च्या खाली असेल तर आयसी अडकून बसते. तुमचा टाइम नॉब शून्याकडे असताना हे होत असणार, तपासून पाहा. पॉटच्या मालिकेत २.७ के लावा. सगळ्यात छोटा डिले ६० मिलिसेकंदांच्या आसपास राहील, अडकणं बंद होईल. वरच्या बाजूला २७.६ के ला ३४२ मिलिसेकंद मिळतात. ५० के चा पॉट लावला तर ६०० पर्यंत जातं, पण शेवटचा भाग खरखरीत असतो. आणि या आयसीला ९ व्होल्ट थेट कधीही देऊ नका, ६ च्या वर ती टिकत नाही.

प्रश्न : स्विच दाबून पेडल बंद केलं की चालू असलेले एको कापले जातात. ते विरत विरत जायला हवेत. (सांगली)

ट्रू बायपासमध्ये, म्हणजे बंद पेडलचं सर्किट पूर्ण टाळणाऱ्या जोडणीत, स्विच आउटपुटच तोडतो, म्हणून कापले जातात. कोरा सिग्नल बफरमधून कायम आउटपुटला जोडलेला ठेवा आणि स्विचने फक्त बफर ते कॉम्प्रेसर ही वाट तोडा. तोडल्यावर कॉम्प्रेसरकडचं टोक कपॅसिटरच्या अलीकडे ४.५ व्होल्टच्या संदर्भाला १०० के ने बांधा, म्हणजे दाबताना टक् होणार नाही. दोन पोलचा स्विच पुरतो, दुसरा पोल एलईडीला. रिपीट घुमण्याच्या हद्दीपलीकडे ठेवून पेडल बंद केलंत तर ते घुमतच राहील. बंद करण्याआधी तो नॉब खाली घ्या.